आभाळाच्या रंगाचं विमान

तुम्ही आधी चहा घ्या, गार होईल. आणि एक विनंती आहे. मी सांगतोय ते ऐकून कुणी माझ्या कलेचं कौतुक करायचं नाही. हा सगळा घोळ कौतुकानेच झालाय!

चित्र बिघडलं म्हणून एखाद्याची फजिती झाली, हे तुम्ही ऐकलं असेल. माझी फजिती चित्र जमलं म्हणून झाली. आणि जमलं म्हणजे कसं? माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चित्राला फसली, इतकं जमलं!

तर नांदेडात माझा फोटो स्टुडिओ आहे. गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला येतं, न हसता बसतं, निघून जातं. वडिलांच्या काळात मागे रंगवलेला पडदा असायचा. त्यावर तळं, तळ्यात बदकं आणि वर हे एवढाले ढग. आता मागे नुसता पांढरा कपडा असतो. पण ढग काही माझ्या डोक्यातून गेले नाहीत. बायको सगळ्या नातेवाईकांना सांगते, "ह्यांना ताट वाढलं की हे खिडकीकडं बघत जेवतात. भाजी कोणती होती विचारा, सांगता यायचं न्हाई."

खरं आहे. नाही येत सांगता.

एकदा कामाला लातूरला गेलो होतो. तिथं एका मूर्तीच्या कारखान्यात डोकावलो. एक कारागीर एअरब्रशने गणपतीच्या गालावर गुलाबी रंग मारत होता. पेनाएवढं यंत्र, मागे हवेची नळी, आणि रंग धुक्यासारखा बाहेर येतो. गुलाबी कुठं सुरू झाला आणि कुठं संपला, शोधून दाखवा! मी बघतच राहिलो. नांदेडची बस गेली, तिच्यामागची पण गेली. महिनाभरात माझ्या घरात एअरब्रश आणि लहानसा कॉम्प्रेसर आला. लहानसा म्हणजे दिसायला हो. सुरू केला की समोरच्या बिल्डिंगमधले लोक बोअर लागलं का म्हणून विचारायला येतात.

आता मुजीबचं सांगतो. मुजीब माझा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे. दुकान अब्बांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. मीही त्यांना अब्बाच म्हणतो. मुजीबला नाद विमानांचा. शाळेतली पोरं प्रोजेक्टला वापरतात ना, तो फोम बोर्ड, त्याची विमानं. मोटर, बॅटरी, रिमोट, सगळं लावून खरोखर उडणारी. पण माणूस जातीचा टेलर! दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर फोम बोर्ड अंथरतो, खडूने खुणा करतो आणि पंखांना बाह्या म्हणतो. "डावी बाही जरा आखूड झाली यार," असं तो विमानाबद्दल बोलतो. गिऱ्हाईक घाबरून आपला शर्ट तपासतं.

दर रविवारी आम्ही दोघं विष्णुपुरी धरणाच्या पलीकडे मोकळ्या माळावर जाऊन विमानं उडवायचो. तो बनवायचा, दोघं मिळून उडवायचो, दोघं मिळून पाडायचो.

अब्बांनी मात्र ही विमानं कधी धड बघितली नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायला लागले. माणसं आवाजावरून ओळखायचे आणि ओळखलं नाही तरी "या, या" म्हणायचे. मुजीब विमान दारावरून उडवायचा तेव्हा ते मान वर करून ऐकायचे आणि म्हणायचे, "जहाज लई भारी उडून राहिलं!" विमान तोवर वायरीला लटकलेलं असायचं.

शेवटी ह्या दिवाळीच्या आसपास दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर ते पहिल्यांदा गल्लीत आले आणि माझ्या स्टुडिओच्या पायरीपाशी थांबले. वर बघितलं. बघतच राहिले.

"दिग्या," मला म्हणाले, "आभाळ एवढं निळं होतं व्हय रे?"

"हो अब्बा. आधीपासूनच."

"मला वाटायचं, माणसासंगं आभाळ बी म्हातारं होतं. पिवळं पडतं."

आत जाऊन मी उगाच कॅमेऱ्याची काच पुसत बसलो.

त्याच आठवड्यात मुजीब कोरं पांढरं विमान घेऊन माझ्याकडे आला. आजवरचं सगळ्यात सुंदर. दोन्ही बाह्या सारख्या!

"अब्बांनी आजवर माझी विमानं नुसती ऐकली," तो म्हणाला. "हे त्यांना दाखवायचं हाय. रंग तुझ्यावर सोपवला. फक्त पोटाला ही पट्टी मारायची विसरू नको." आणि त्याने लाल टेपचं भेंडोळं माझ्या हातात ठेवलं.

ही पट्टी कशाला, ते सांगतो. विमान वर गेलं की अंगठ्याएवढं दिसतं. ते येतंय की जातंय, उलटं आहे की सुलटं, खालून कळायला पाहिजे ना? म्हणून हा नाद असलेली माणसं विमानाचं पोट जमेल तेवढं भडक करतात. मुजीबची आधीची विमानं पिवळीजर्द, त्यावर काळे पट्टे. बघितलं की वाटायचं, काळी-पिवळी जीप आली.

मला ते कधीच आवडलं नव्हतं. आणि इथं तर अब्बांसाठी रंगवायचं होतं. ज्या माणसाला इतक्या वर्षांनी आभाळ सापडलं, त्याला लाल पट्टी दाखवायची? छे! मी ठरवलं, ह्या विमानाच्या पोटावर अब्बांचं आभाळ काढायचं. तेच, पायरीवरून दिसलेलं.

तुम्ही हसायला लागलात! थांबा, अजून काहीच झालेलं नाही.

दुपारी मी कॉम्प्रेसर गच्चीवर नेला. आधी एका तुकड्यावर थिनरचा रंग मारून बघितला, तर फोमने अंग टाकलं. पाण्यात बत्तासा टाकल्यासारखं मधोमध भोक. म्हटलं चला, पाण्यात कालवायचा रंग घ्यावा. निळ्यात थोडा पांढरा टाकला, आणखी थोडा टाकला, मान वर करून आभाळाशी ताडून बघितला आणि बटण दाबलं. स्स्स्स.

अहा! काय दुपार होती ती. थंडीचं उबदार ऊन, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या आवळ्यांचा वास, आणि माझ्या हातातून आभाळ बाहेर येतंय. कॉम्प्रेसर दणदण करत होता, पण मला तो ऐकूच येईना. नोझल जरा लांब धरली की निळा पातळ व्हायचा, जवळ आणली की गडद. पांढऱ्याचा एक हलका हात फिरवला की ढग. मधेच मी पाठीवर पडून खऱ्या ढगांकडे बघायचो, मग उठून तो ढग पंखाखाली उतरवायचो, तोवर वरचा पुढे सरकलेला असायचा. मग पुन्हा पडायचो. स्टुडिओत गिऱ्हाईक बसलंय म्हणून बायकोने खालून दोनदा हाक मारली म्हणे. मी दोनदा "आलो" म्हणालो म्हणे.

मग पाठीची बाजू राहिली. म्हटलं, पोटाला आभाळ, तर पाठीला जमीन पाहिजे! आपलं विमान आपल्या शेतांवरून उडणार, त्याच्या पाठीवर आपली शेतं नकोत? काळी माती मारली. त्यावर नुकत्या वर आलेल्या हरभऱ्याच्या हिरव्या ओळी काढल्या. एकेक ओळ पुठ्ठा धरून, सरळ.

तुम्ही नीट ऐकताय ना? खालून आभाळ, वरून शेत. लक्षात ठेवा.

वाळायला म्हणून विमान दोरीला टांगलं. बायको चहा घेऊन वर आली.

"विमान कुठं ठेवलंत?"

"तुझ्या डोक्यावर."

तिने वर बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वाऱ्याने विमान हललं तेव्हा दचकून मागे सरली. "अगं बाई! दिसलंच न्हाई की मला!"

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? त्या क्षणी खाली जाऊन लाल टेप आणली असती. मी काय केलं? मी तिला म्हटलं, "परत एकदा म्हण."

रविवारी सकाळी माळावर गेलो. मुजीब अब्बांना स्कूटरवर घेऊन आला. अब्बांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, अत्तर लावलं होतं, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. लग्नाला निघाल्यासारखे! मी विमानावरची चादर बाजूला केली.

मुजीबने विमान हातात घेतलं, उलटं केलं, आणि त्याचा चेहरा पडला. "दिग्या, पट्टी?"

"अरे आधी बघ तर!"

तेवढ्यात अब्बा जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी पोटावरून हात फिरवला. "सुभानल्ला," एवढंच म्हणाले. मग, "हे तर त्या दिवशीचं आभाळ हाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशनच्या डोळ्यांना पाणी चांगलं नसतं म्हणून मुजीबने घाईघाईने रुमाल दिला. आता अशा वेळी पट्टीचं कोण बोलणार? त्याने फक्त माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "फार वर नेऊ नको बरं का."

त्याने अब्बांचा दंड धरला, कारण वर बघता बघता ते अडखळले असते. रिमोट माझ्याकडे आला. मी मोटर सुरू केली आणि विमान हाताने हवेत सोडलं.

"गेलं! गेलं!" अब्बांनी टाळ्या वाजवल्या.

गेलं खरं. माळावरून वर, झाडांच्या वर, आणखी वर. आणि मग निळं, निळं आणि निळं. मला खरं सांगू का? पहिल्यांदा मला भीती वाटलीच नाही. अभिमान वाटला! वाटलं, वा रे दिगंबरा, काय रंग मिसळलाय! तुझं आभाळ कुठं संपलं आणि खरं कुठं सुरू झालं, शोधून दाखवा म्हणावं!

मग आठवलं की रिमोट माझ्याच हातात आहे.

"कुठं गेलं रे?" अब्बांनी विचारलं.

"वरच हाय अब्बा," मुजीब म्हणाला. पण तोही सगळीकडे बघत होता.

"मला दिसून नाही राहिलं."

अब्बांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग काढूनच टाकला. एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. आणि एकदम बारीक आवाजात म्हणाले, "मुजीब, मघाशी दिसत होतं. आता न्हाई. परत आलं वाटतं डोळ्यांवर." त्यांचा हात पूर्वीसारखा चाचपडत मुजीबच्या खांद्याकडे गेला.

विमान गोदावरीत बुडालं असतं तरी मला चाललं असतं. पण हा माणूस पुन्हा त्या स्टुलावर बसून आवाजावरून माणसं ओळखायला लागला तर? माझ्या ढगांपायी? मी वेड्यासारखं आभाळ धुंडाळायला लागलो. आणि तेवढ्यात, धरणाच्या बाजूला, उंच, एक काळा ठिपका! संथ गोल फिरत होता.

"अब्बा! ते बघा! तिकडं, धरणाकडं!"

अब्बांनी मान वळवली. "हाव! दिसलं! दिसलं रे मुजीब!" आवाज परत पहिल्यासारखा झाला. माझ्या जिवात जीव आला.

आणि मग मी जे उडवलंय! मी रिमोटची काडी उजवीकडे दाबली, ते उजवीकडे वळलं. डावीकडे दाबली, ते जरा वेळाने पण डावीकडे वळलं. आजवर माझं विमान कायम दारू प्यायल्यासारखं उडालं होतं. हे मात्र तरंगत होतं. न हलता, न डगमगता, मोठमोठे गोल घेत. मी अर्धे डोळे मिटून घेतले. वाटलं, आयुष्यभर खिडकीबाहेर बघत जेवलो, ते ह्याच दिवसासाठी.

"बघ," मी मुजीबला म्हटलं, "रंगाने दोन्ही बाजूंचं वजन कसं बसलंय."

"दिग्या," मुजीब हळूच म्हणाला, "मोटरचा आवाज ह्या बाजूनं येऊन राहिला."

"वारा असला की आवाज फिरतो." मी त्याला समजावून सांगितलं. मीच! त्याला!

एवढ्यात शेजारच्या रानातले केरबामामा बांधावर येऊन उभे राहिले. "काय चाललंय म्हणावं?"

"विमान उडवून राहिलोय मामा."

"कोणतं?"

"ते काय."

मामांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मग रिमोटकडे, मग पुन्हा वर. "ते तुमच्या ह्या डब्यावर चालतंय?"

"मग! आता उतरवून दाखवतो." आणि मी ऐटीत मोटर बंद केली.

विमान वर चढायला लागलं.

मी काडी खाली ओढली. ते आणखी वर गेलं. मग अब्बांचा आवाज आला, अगदी मायेने, मला वाईट वाटू नये अशा बेताने.

"बेटा, तुझं जहाज पंख मारून राहिलं."

मी बघितलं. खरंच मारत होतं.

केरबामामा म्हणाले, "मंग आमच्या कोंबडीची पिल्लं बी तुम्हीच उचलून न्हेता की काय?"

रिमोट खिशात घालता येईना इतका मोठा, आणि जमीन दुभंगेना.

"म्हणजे ती घार हाय?" अब्बांनी विचारलं.

"हो."

"मंग जहाज कुठंय?"

"दिसत नाही अब्बा."

"तुला बी न्हाई?"

"मला बी न्हाई."

"मुजीब, तुला?"

"न्हाई अब्बा. मघापासून न्हाई."

"मामा, तुम्हाला?"

"मला तर पहिल्यापासून घारच दिसली," मामा म्हणाले.

अब्बा मटकन खाली बसले. मी धावलो, म्हटलं काय झालं! तर ते हसत होते. पोट धरून हसत होते. "कुणालाच दिसत न्हाई! अरे, कुणालाच दिसत न्हाई! म्हणजे माझे डोळे ठीक हायत!"

मग मी सगळं सांगितलं. तुम्ही पायरीवर आभाळाचं बोललात, मला भरून आलं, म्हणून पट्टी मारली नाही, म्हणून आभाळ काढलं. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"येड्या," म्हणाले, "आभाळ बघायला मला विमान कशाला पाहिजे? ते वर हायच की फुकट."

मोटरचा आवाज थांबला होता. मी घार उतरवत होतो तेव्हा खरं विमान कुठंतरी बिचारं इमानदारीत उतरलं असणार. केरबामामा म्हणाले, "मघाशी माझ्या हरभऱ्यात कायतरी सळसळलं खरं."

"चला, मिळालं मग," मुजीब उठला. दोन पावलं गेला आणि थांबला. "दिग्या. वरच्या बाजूला कोणता रंग दिलास?"

मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो.

"दिग्या?"

"हरभऱ्याचा."

मुजीब अब्बांच्या शेजारी जाऊन बसला.

पण शोधावं तर लागणारच. समोर मामांचं रान, नुकता वीतभर वर आलेला हरभरा. काळी माती, हिरव्या ओळी, पार टोकापर्यंत. हुबेहूब! इतकं हुबेहूब की मला त्या परिस्थितीतही जरा बरं वाटलं. मामांनी बजावलं, "ओळीच्या मधनं चालायचं. एक रोप मोडलं तर बघा." अब्बांना आम्ही उंच बांधावर बसवलं आणि मी, मुजीब, मामा रानात शिरलो.

अपराधी मी होतो, त्यामुळे सगळ्यात जास्त हुकूम मीच सोडत होतो. "पाय जपून टाका! फोमचं आहे, नाजूक आहे! मामा, तुम्ही चपला काढता का? मुजीब, असा धडाधड चालू नको, बघून चाल!" ऊन चढलं, मान दुखायला लागली. मुजीब माझ्याशी बोलत नव्हता.

आणि बांधावरून हाक आली.

"थांबा! सगळे तिथंच थांबा. मला दिसलं जहाज."

आम्ही थांबलो. अब्बा उभे राहिले होते, चष्मा कपाळावर, एक हात डोळ्यांवर धरलेला.

"सगळ्या रेघा उभ्या चालल्यात," ते म्हणाले, "आणि एका जागी हातभर आडव्या हायत. पट्ट्याच्या कापडाला आडवा खिसा लावल्यावाणी. जुळून नाही राहिल्या."

मुजीब एकदम हसला. सकाळपासून पहिल्यांदा. आम्ही तिघं डोळस माणसं तासभर ज्याच्या आजूबाजूने फिरत होतो, ते ह्या टेलरने बांधावर बसून रेघांवरून पकडलं होतं! आता ह्या डोळ्यांवर अब्बांना पुन्हा कधी शंका येणार नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी दोन्ही हात वर करून गर्रकन त्यांच्याकडे वळलो.

"कुठं अब्बा? कुठं?"

आणि एक पाऊल मागे टाकलं.

कर्रकच.

मामांनी टोपी काढली. मी पाय न उचलता खाली बघितलं. उजवी बाही मधोमध मोडली होती आणि माझ्या टाचेखाली अर्धी फिरून बरोब्बर हरभऱ्याच्या ओळीत जाऊन बसली होती.

अब्बांनी बांधावरून पुन्हा एकदा डोळ्यांवर हात धरला आणि नीट निरखून बघितलं.

"हां," ते म्हणाले. "आता जुळल्या."